उघराणी

बडोदे, दांडिया बाजार

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

उद्योजकाच्या गुणांची यादी पाठवलीस आणि विचारलंस, "बाबा, ह्यातलं माझ्यात काय आहे?" चिकाटी आहे. दहावीला गणिताची एकच प्रश्नपत्रिका सात वेळा सोडवणारी तू. धाडस म्हणशील, तर पुण्याची नोकरी सोडते म्हणालीस त्या दिवशीच ते दिसलं. तुझी आई मग दोन रात्री झोपली नाही, ही गोष्ट वेगळी. मला काळजी आहे ती यादीत नसलेल्या गोष्टीची. आपल्या घरात भीड फार.

मकरपुऱ्याला शेड भाड्याने घेतली तेव्हा माझ्याकडे एक जुना लेथ, एक ड्रिल मशीन आणि कलाभवन ह्या इथल्या तंत्रशाळेत तयार झालेला हात, एवढंच होतं. फ्लँज, शाफ्ट, बुश असे यंत्रांचे भाग करायचो, सगळं काम चोख. एका कारखान्याला वर्षभर माल दिला. मालाचं चलन वेळेवर, बिल वेळेवर, पण पैसे मागायला तोंड उघडेना. मोठी माणसं, देतीलच. मागितले तर काय म्हणतील? तिथले साहेब चहा पाजायचे, तुझी चौकशी करायचे आणि मी तसाच स्कूटरला किक मारून घरी. असे 1,86,000 रुपये अडकले. त्या महिन्याचा कामगारांचा पगार तुझ्या आईच्या पाटल्यांवर झाला. तू तेव्हा चार वर्षांची होतीस.

पुष्कळ दिवस मी त्या लोकांना बुडवे म्हणत होतो. ते बुडवे नव्हते. त्यांच्या अकाउंट्सच्या टेबलावर बिलांची चळत असायची. जो येऊन उभा राही त्याचं बिल वर येई, माझं आपलं तळाशी.

शेजारच्या शेडमधले काका एकदा हसून म्हणाले, "माल वेचवो सहेलो छे, पैसा लाववा अघरा." म्हणजे माल विकणं सोपं, पैसे आणणं अवघड. दर गुरुवारी ते उघराणीला निघायचे. मला बरोबर घेऊन जायला लागले. आवाज चढवणं नाही, गयावया नाही. बिलाची तारीख सांगायची, रक्कम सांगायची आणि गप्प बसायचं. ती शांतता मला सोसवायची नाही, मीच मध्ये "राहू द्या, सवडीने द्या" म्हणून मोकळा व्हायचो. काका बाहेर येऊन सेवउसळीच्या गाडीवर माझी खरडपट्टी काढायचे. तीन-चार गुरुवारांनी जमलं. अकरा महिन्यांत सगळे पैसे आले आणि तो कारखाना पुढे नऊ वर्षं माझा गिऱ्हाईक राहिला.

कलाभवनावरून दादासाहेब, म्हणजे धुंडिराज फाळके आठवले. 1890 साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं आणि त्याच वर्षी धुंडिराज तिथे शिकायला आले. पुढे त्यांनी बडोद्यात फोटोचा धंदा मांडला, तर गावात आवई उठली की कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो! धंदा बसला. नंतर चित्रपटासाठी पैसे हवे होते तेव्हाही कोणाचा विश्वास नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि दाणा उगवून वेल होताना पडद्यावर दाखवला. ते बघून भांडवल देणारा भेटला. तरी सरस्वतीबाईंचे दागिने गेलेच. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. मागायला जाताना त्यांच्या हातात वाटाण्याचा वेल होता, ते मला फार आवडतं. पण ह्याच माणसाचं भागीदारांशी मात्र कधी धड जमलं नाही. तू आणि तुझी मैत्रीण आज एका ताटात जेवता, म्हणून आजच कोणाचा किती वाटा ते कागदावर घाला. भांडण झाल्यावर लिहायला बसलात तर शाई पुरत नाही.

छोट्या उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी करून घे. 2006 च्या कायद्याप्रमाणे छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर फार तर 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट व्याज. आमच्या वेळी हे नव्हतं. पण कायदा काही तुझ्या वतीने फोन करणार नाही.

आता मुद्द्याचं. पहिलं काम मिळालं, पण ओळखीचे आहेत म्हणून आगाऊ रक्कम मागितली नाही, असं तू परवा ओघात बोलून गेलीस. मी तेव्हा गप्प राहिलो, आई जवळ होती. सोमवारी त्यांना फोन कर. निम्मी रक्कम काम सुरू करण्याआधी, एवढं एकच वाक्य बोल. मग ते बोलेपर्यंत तू बोलू नकोस, कितीही वेळ लागला तरी. आणि झालं की मला कळव, मी शेडवरच असेन.

तुझे बाबा