साक्षर चुलतीला इंग्रजी मेसेज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगोल्यात माझं मोबाइल रिचार्ज आणि दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दिवसातून चार-पाच जण तरी फोन पुढे करतात, "बाळा, एवढं वाचून दाव." पैसे आले का, ओटीपी कुठला, कुणाचा मिसकॉल. त्यात बायका जास्त.

'उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रमा'त (२०२२ ते २०२७) पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांना स्वयंसेवकांनी विनामोबदला शिकवायचं आहे. शाळेतल्या गुरुजींनी अ‍ॅपवर माझं नाव घातलं आणि सहा जणी जोडून दिल्या. त्यात माझी चुलतीही, वय एकसष्ट. अ‍ॅपचा आम्हाला उपयोग झाला तो एवढाच. ते चालवायला आधी वाचता यावं लागतं, हे करणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं.

मग दुकान बंद झाल्यावर रात्री साडेआठला पाटी आणि जुने दुरुस्त केलेले फोन घेऊन बसलो. चुलती पाटीवर 'दिवा' काढताना आधी वेलांटी काढते, मग द. फोनवरही तिनं आधी वेलांटीच दाबली. पडद्यावर टिंबांचा एक गोल आला आणि त्याच्या डोक्यावर वेलांटी. "ही टिंबं कशाची रं?" मी म्हटलं, वेलांटीला अक्षर मिळालं नाही म्हणून तिथं रिकामी जागा दाखवलीय. फोनला कसं दिसतं ते नको, आधी काय ऐकू येतं ते हवं. आधी द, मागून इ. हे तिला पटलं. त्या दिवसापासून ती पुटपुटत टाइप करायला लागली आणि पाटीवरच्या तिच्या चुकाही कमी झाल्या. 'विठ्ठल'च्या ठ्ठला मात्र दोन दिवस गेले. ठ, पाय मोडायचा, मग पुन्हा ठ.

बोलून टाइप करायचा माइक मी सुरुवातीला बंदच ठेवला होता. म्हटलं, एकदा ती सवय लागली की कोण अक्षरं गिरवतंय! एका रात्री चुलतीनं नातवाकडून तो चालू करून घेतला आणि माहेरचं नाव बोलली, "वाढेगाव". फोननं लिहिलं 'वडगाव'. तिनं अक्षरावर बोट ठेवलं, "ह्यानं कानाबी खाल्ला आन मात्राबी." यंत्राची चूक तिनं वाचून पकडली होती. तेव्हापासून आमच्या वर्गात माइकवर बोलायचं आणि आलेलं तपासायचं, हा रोजचा धडा झाला.

१७ मार्च २०२४ च्या परीक्षेला सहाही जणी बसल्या. वाचन, लेखन, संख्याज्ञान, पन्नास-पन्नास गुणांचं, एकूण १५०. सगळ्या उत्तीर्ण. प्रमाणपत्र चुलतीनं देव्हाऱ्याशेजारी लावलंय.

आणि तरी ती फोन घेऊन दुकानात येतेच. कारण लाडक्या बहिणीचे १५०० जमा झाले की बँकेचा मेसेज येतो इंग्रजीत. फोनची भाषा मराठी केली तरी मेसेज इंग्रजीच राहतो. शाखेत विचारलं, तर "ते वरून येतात". सरकारनं बाईला मराठी अक्षरओळख द्यायची, आणि तिच्याच पैशांची खबर तिला न येणाऱ्या भाषेत पाठवायची, हा काय प्रकार?

यात पैशाची अडचण आहे, तेही सांगतो. इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७० च. शिवाय काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजतात. त्यामुळे लांबलचक मजकूर मराठीत पाठवला तर एकाच्या जागी दोन-तीन मेसेजचा खर्च होतो. पण मजकूर लांबलचक हवाच कशाला? "खात्यात १५०० रु. जमा. शिल्लक २१४० रु." एवढं पुरे. खातं उघडायच्या अर्जातच मेसेजच्या भाषेचा रकाना ठेवावा, जुन्या खातेदारांना शाखेत विचारून घ्यावं. गॅस एजन्सी आणि वीज कंपनीनंही तेच करावं.

वरचा १५०० रुपयांचा मेसेज मी गल्ल्यावर बसून मोजला, रिकाम्या जागा धरून छत्तीस भरला. चुलतीचे सदतीस आले. तिनं शेवटचा पूर्णविरामही धरला होता.

आपला,
एक मोबाइल दुकानदार
सांगोला, जि. सोलापूर