श्ट्राफ ते स्ट्रेफ

पुणे, रविवार

प्रिय सुध्या,

पत्र मिळालं. श्टुटगार्टात चुकीच्या जागी गाडी लावून दंडाची पावती, म्हणजे तुझा तो 'श्ट्राफत्सेटल', पदरात पाडून घेतलास हे वाचून अंमळ बरं वाटलं. इथे असताना प्रत्येक सिग्नलला मला नियम शिकवायचास!

पण त्या 'श्ट्राफ'वरून माझं डोकं भलतीकडेच गेलं. ताईचा ओंकार सुट्टीला आलाय. दिवसभर कॉम्प्युटरवर बंदुकांचे गेम, आणि हेडफोन लावून मित्रांवर आरडाओरडा : "अरे स्ट्रेफ कर ना, स्ट्रेफ!" हा शब्द जर्मन आहे असं त्याला सांगायला गेलो, तर "मामा, चिल" म्हणाला. आता तू ऐक. रानडे इन्स्टिट्यूटच्या बाकावर आपण 'डी श्ट्राफे' म्हणजे शिक्षा, स्त्रीलिंगी, एवढंच घोकलं होतं. पुढची मजा कुणी सांगितलीच नाही.

१९१४ साली महायुद्ध पेटलं आणि एर्न्स्ट लिसाउअर नावाच्या बर्लिनच्या कवीने इंग्लंडविरुद्ध एक जळजळीत द्वेषगीत लिहिलं. जर्मन सम्राट कैसरने खूश होऊन त्याला पदकही दिलं. 'गॉट श्ट्राफे एंगलांड', देव इंग्लंडला शिक्षा करो, ही घोषणाही त्याच्याच नावावर आहे. ती बिल्ल्यांवर, कपांवर, पोस्टकार्डांवर छापली गेली. लोक नमस्काराऐवजी ती म्हणत, आणि समोरचा उत्तर देई, 'एअर श्ट्राफे एस', करोच! एवढा जहाल देशभक्त, पण होता ज्यू. १९३७ साली व्हिएन्नात वारला तेव्हा त्याच्या जर्मनीत नाझींचं राज्य होतं. असो, तो विषय वेगळ्या पत्राचा.

ब्रिटिश शिपायांनी या शापाचं काय केलं असेल? चिडले नाहीत, त्याची टिंगल केली. खंदकावर तोफगोळे पडू लागले की म्हणायचे, आज चांगलाच 'स्ट्राफ' झाला. सार्जंटने हजेरी घेतली तरी स्ट्राफच. आपल्याकडे नाही का, गोळी झाडतात आणि साहेबही झाडतो? अगदी तसंच. १९१५ मध्ये 'पंच' साप्ताहिकात एक व्यंगचित्र आलं : प्रशियातलं एक कुटुंब सकाळी एकत्र बसून रोजचा द्वेष उरकतंय! मग पहाटेच्या तोफमाऱ्याला शिपाई 'मॉर्निंग हेट' म्हणू लागले. १९१६ पर्यंत तर स्ट्राफ हा विनोदी इंग्रजी शब्द होत चालल्याची नोंद लंडनच्या टाइम्स लिटररी सप्लिमेंटने केली. बिचारा कवी! शत्रूने त्याचा शाप खिशात घातला आणि दिवसभर चेष्टेला वापरला. मला विचारशील तर युद्धातली ही एक लढाई त्या टॉमींनी, म्हणजे ब्रिटिश शिपायांनी, साफ जिंकली.

तोवर विमानं खाली येऊन खंदकांवर मशिनगन चालवू लागली होती. तेही स्ट्राफिंगच. दुसऱ्या महायुद्धापर्यंत शब्दाचा हाच अर्थ पक्का झाला, आणि अमेरिकनांच्या तोंडी त्याचा 'स्ट्रेफ' झाला.

आता ओंकारकडे ये. १९९२ च्या 'वोल्फेनस्टाइन थ्रीडी' या गेममध्ये बाणाची कळ दाबली की नायक वळायचा, पण सोबत ऑल्ट दाबून धरली की न वळता बाजूला सरकायचा. या सरकण्याचं नाव स्ट्रेफ. गंमत म्हणजे त्या गेममध्ये मारायचे ते नाझीच! पुढच्या वर्षी आलेल्या 'डूम'नेही हे नाव ठेवलं आणि ते रुजलं. फायदा उघड आहे : कबड्डीत चढाईला गेलेला गडी पाठ न दाखवता आडवा सरकतो, तसं तोंड आणि बंदूक शत्रूकडेच राहते. काल मी ओंकारच्या मागे उभा राहून बघितलं. डाव्या हाताची दोन बोटं ए आणि डी या डावी-उजवीकडे सरकायच्या कळांवर, उजवा हात माउसवर. दाराआडून बाहेर सरकायचं, आणि गोळी मारायच्या ऐन आधी उलटी कळ टिचकन दाबायची, म्हणजे पाय थांबतात आणि नेम भरकटत नाही. याला म्हणे काउंटर-स्ट्रेफ. शिक्षा, देव, इंग्लंड, सगळं गळून पडलं. गोळीबारही नाही, उरलं ते नुसतं सरकणं!

आता एक काम कर. तुझ्या शेजारची ती जर्मन पोरं असले गेम खेळताना याला श्ट्राफ म्हणतात की स्ट्रेफ, ते विचारून कळव. ओंकारशी पैज लागलीय, हरणाऱ्याने चितळ्यांची बाकरवडी आणायची. आणि हो, दंड वेळेत भर रे बाबा.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मक्या