त्या बाईच्या दारी पुन्हा जा

परळ, रविवार

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडवेली झालीस आणि मला काही सुचेना. फोनवर मला कधीच सुचत नाही, म्हणून लिहितेय.

तू मायक्रोबायोलॉजीनंतर देवनारला एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्य शिकायला गेलीस, तेव्हा काकांनी विचारलं होतं, ‘म्हणजे औषध न देणारी डॉक्टर?’ मीही मनातून तेच म्हणत होते. आपल्या घरामागच्या हाफकिन संस्थेची गोष्ट तूच मला सांगितलीस. प्लेगच्या साथीत, १० जानेवारी १८९७ ला, स्वतःलाच लस टोचून घेणारा हाफकिन प्राणिशास्त्र शिकलेला होता, वैद्यकी नव्हे. काकांना मी ते सांगितलं. त्यांनी विषय बदलला.

आता गोवंडीचं. इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात, टीबीच्या पेशंटच्या घरी गेलीस तेव्हा, एका बाईने तोंडावर दार लावलं आणि तू तिच्या नवऱ्याच्या नावापुढे ‘डिफॉल्टर’, म्हणजे औषध मधेच सोडणारा, असं लिहून आलीस. ‘आई, गोळ्या फुकट मिळतात, तरी खात नाहीत!’ असं म्हणालीस. मला ते लागलं. बाळा, तुझा मामासुद्धा कोणाच्या तरी वहीत डिफॉल्टर होता.

२००९ साली त्याला टीबी झाला, तेव्हा तू लहान होतीस. तेव्हा दिवसाआड केंद्रावर जाऊन तिथल्या माणसासमोर गोळ्या गिळायच्या असत. केंद्र नऊला उघडायचं. मामाचा टेम्पो पहाटे चारला भायखळ्याच्या भाजीबाजारात लागायचा आणि दुपारपर्यंत सुटका नसायची. खाडा केला की मालक पैसे कापायचा. त्यात लघवी नारिंगी होऊ लागली. गोळीनेच तसं होतं हे त्याला केंद्रात कोणी सांगितलं नाही आणि लाजेपायी त्याने घरातही विचारलं नाही. लिव्हर गेलं, असं धरून बसला. दीड महिन्यात खोकला थांबला, अंगावर जरा मांस चढलं, आणि स्वारीने जाणंच सोडलं. सहा महिन्यांचा कोर्स होता.

पुढच्या पावसाळ्यात बेडक्यात रक्त आलं. मग आठ महिन्यांचं नवं औषध, त्यातले पहिले दोन महिने इंजेक्शनं. बसताना कण्हायचा.

या वेळी एक आरोग्य सेविका घरी आली. ओरडली नाही. पायरीवर बसून तिने विचारलं, ‘दादा, तुमची सुटायची वेळ काय?’ इंजेक्शनं संपल्यावर मामाच्या नावाचा गोळ्यांचा खोका तिने बाजाराजवळच्या एका केमिस्टकडे ठेवायची सोय केली. टेम्पो रिकामा झाला की मामा तिथे जाऊन गोळ्या घ्यायचा. एकही दिवस चुकला नाही.

आता गोळ्या रोज असतात, पोषणासाठी महिना १,००० रुपये खात्यात येतात, हे तूच सांगितलंस. पण त्या नवऱ्याची सुटायची वेळ तुझ्या फॉर्मात आहे का?

पुन्हा जा. पाणी यायच्या वेळी जाऊ नकोस, तेव्हा कोणीही दार लावेल. बरोबर तिथल्या सेविकेला ने, आणि फॉर्म पिशवीतच राहू दे.

मामाला तुझा नंबर दिलाय. गोळ्यांचा विषय निघाला की तो तासभर सोडत नाही, तेव्हा आधी जेवून घे.

तुझी,
आई