दाराला दोर बांधण्याआधी एक्स-रे काढा

संपादक महोदय,

खांदा आखडला की आपल्याकडे निदान ठरलेलेच, ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे सांध्याभोवतीचे आवरण आखडणे. मग दाराला कप्पी लावून दोर ओढणे, कुणाकडून तरी हात मागे पिळून घेणे सुरू होते. साठीनंतर मात्र सांध्यातली कूर्चाच, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत अस्तरच, झिजलेली असू शकते. दोन्हींत कोपर कुशीला टेकवून हात बाहेर वळवला की तो अडतो. दुसऱ्याने वळवला तरी अडतो. त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून फसगत होते. एक्स-रे काढला तर फ्रोझन शोल्डरमध्ये तो बहुधा स्वच्छ दिसतो. झिजेत हाडांमधली फट कमी झालेली आणि कडेला हाड वाढलेले असते. अशा खांद्यावर दोराची जबरदस्ती केली तर सांधा सुजतो आणि रात्रीची झोपही जाते.

झिजलेली कूर्चा भरून येत नाही, पण उरलेली हालचाल टिकवता येते आणि अनेकांचे त्यावर वर्षानुवर्षे भागते. आधी १०-१५ मिनिटे शेकावे. चांगला हात ओट्यावर टेकून पुढे वाकावे, दुखरा हात सैल सोडावा आणि अंग हलवून तो झुलू द्यावा. चूक इथेच होते: लोक हातच गरागरा फिरवतात, स्नायू ताठतात आणि झुलण्याचा उपयोगच राहत नाही. एक-दोन मिनिटे पुरे, दिवसातून दोन-तीनदा. मग उताणे पडून कोपराखाली टॉवेलची घडी घ्यावी, दोन्ही हातांत आडवी काठी धरून चांगल्या हाताने दुखरा हात बाहेर ढकलावा. ताण जाणवला की १० सेकंद थांबावे. असे १० वेळा. दुखणे दोन तासांत उतरले नाही, तर दुसऱ्या दिवशी व्यायाम निम्मा करावा.

उताणे झोपताना कोपराखाली उशी हवी, नाहीतर खांदा मागे लोंबतो. सदरा घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. रोजचे डबे वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आणावेत.

मलमाचा गुण गुडघ्याइतका इथे येत नाही, कारण हा सांधा जाड स्नायूखाली खोल असतो. वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा विकार, अल्सर किंवा रक्त पातळ करणारे औषध असलेल्यांनी परस्पर घेऊ नयेत. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो. मात्र मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस चढते, तेव्हा ती घरी रोज तपासावी. सांधा बदलण्याचा विचार असेल, तर त्याआधीचे तीन महिने हे इंजेक्शन टाळावे; जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

– एक फिजिओथेरपिस्ट, सातारा