‘सर्व समाविष्ट’ नौकासहल

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशी बेटांभोवतीच्या सामुदायिक नौकासहलींच्या जाहिराती हल्ली लातूरसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरातही दिसू लागल्या आहेत. गेल्या सप्टेंबरात आम्ही आठ निवृत्त सहकारी क्रोएशियातील स्प्लिट बंदरातून निघून ह्वार आणि कोर्चुला ही बेटे पाहत दुब्रोवनिकपर्यंत गेलो. प्रवास सुंदर झाला. परंतु जाहिरातीत ‘सर्व समाविष्ट’ असे ठळक छापलेले असतानाही बंदरशुल्क व पर्यटनकर नौकेवर पाय ठेवताच रोख युरोत भरावे लागले, आणि रात्रीचे जेवण बहुतेक बंदरांत ज्याचे त्याने करायचे, हेही तिथेच कळले.

अशी नौका म्हणजे मोठे क्रूझ जहाज नव्हे. खोली अरुंद असते, कडक सुटकेस ठेवायला जागा नसते आणि गोडे पाणी टाकीत असेल तेवढेच मिळते. (२०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी पुरवून वापरलेल्या लातूरकरांना त्याचे विशेष काही वाटले नाही, हा भाग वेगळा.) ईशान्येकडून ‘बुरा’ नावाचा कोरडा वारा सुटला की कप्तान मुक्कामाचे बंदर बदलतो आणि ते योग्यच आहे; तरीही आमच्यातील दोघांनी त्याच्याशी वाद घातला, कारण कार्यक्रमपत्रिकेत तशा शक्यतेचा उल्लेखच नव्हता.

नौकेवर भरावयाच्या रकमा आणि मार्गबदलाची अट सहल कंपन्यांनी जाहिरातीतच, वाचता येईल अशा अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, लातूर