संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र : उरीत तंबूही जळाले आणि शेजारची घरंही

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली
यांस,

साहेब, जय हिंद.

मी निवृत्त हवालदार आहे. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात राहतो आणि तीन एकर कोरडवाहू रान कसतो. आपल्याला पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा शब्द कमीजास्त झाला तर सांभाळून घ्यावे.

परवा १८ सप्टेंबरला काश्मीरमधल्या उरीच्या लष्करी तळावरच्या हल्ल्याला नऊ वर्षं पूर्ण झाली. त्याच दिवशी संध्याकाळी मला उरीहून फोन आला. ज्यांना मी चाचा म्हणायचो, त्यांच्या मुलाचा. चाचा आता नाहीत, पण मुलगा दर वर्षी ऑक्टोबरात अक्रोडांची एक पिशवी टपालाने पाठवतो. या वेळी म्हणाला, "भाईजान, यंदा अक्रोड नाहीत." मे महिन्यात पाकिस्तानकडून तोफगोळा पडला तेव्हा झाड मधोमध चिरलं आणि घराची एक भिंत गेली. जी मदत मिळाली त्यात छपराचे पत्रेसुद्धा आले नाहीत. वर ताडपत्री बांधून माणसं आत राहतात. पुन्हा गोळे पडले तर कुठे जाणार, असं विचारलं, तर म्हणाला, "गोठ्यात. गोठ्याची भिंत जाड आहे."

फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून हे पत्र.

मी २००४ ते २००६ उरी सेक्टरला होतो. आमच्या पोस्टच्या खाली चाचांचं गाव. मक्याची छोटी छोटी शेतं, अक्रोडाची झाडं आणि मधून गेलेली तार. कुंपण नियंत्रण रेषेच्या अलीकडे घातलेलं, त्यामुळे काही गावं तारेच्या पलीकडे राहिली. स्वतःच्या घरी जायला त्या माणसांना गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं आणि गेट बंद झालं की रात्री बाळंतपण असो नाहीतर साप चावलेला असो, आधी पहारेकऱ्याला हाक मारायची. चाचा आमच्याकडे पोर्टर होते. पाठीवर रॉकेलचे जरिकेन घेऊन चढायचे. ८ ऑक्टोबर २००५ ला सकाळी भूकंप झाला, आमचा एक खंदक ढासळला आणि दोन पोरं आत गाडली गेली. स्वतःचं घर पडलेलं असताना चाचा कुदळ घेऊन आधी आमच्याकडे आले. नंतर आम्ही त्यांच्या गावात जाऊन माती उपसली.

पुढच्या वर्षी बर्फ वितळल्यावर माझा पाय सुरुंगावर पडला. तिथे बर्फ आणि पाऊस सुरुंगांना जागेवरून हलवतात, नकाशात असतो एकीकडे आणि निघतो भलतीकडे. चाचा आणि तिघांनी मला घोंगडीत घालून दोन तास उतारावरून खाली नेलं. मी शुद्धीवर होतो. चाचांच्या मानेवरून घाम माझ्या तोंडावर पडत होता, तो खारट लागत होता, एवढं आजही आठवतं. त्यांच्या धाकट्या भावाचाही पाय असाच गेला होता, गाय शोधायला गेला असताना. फरक इतकाच की मी पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात गेलो आणि तो काठी घेऊन घरी बसला.

आता २०१६ बद्दल. त्या पहाटे चार अतिरेकी उरीच्या ब्रिगेड मुख्यालयात घुसले आणि आपले १९ जवान गेले. त्यांत महाराष्ट्राचे चार होते : नाशिक, सातारा, अमरावती, यवतमाळ. पलटणी बदलण्याचे दिवस होते, एक यायची होती आणि दुसरी निघायची होती, म्हणून पोरं तंबूत झोपली होती. शेजारी इंधनाचा साठा. हातगोळे पडले आणि तंबू पेटले. साहेब, मी तंबूत झोपलेला माणूस आहे. डिझेलचा वास लागलेलं ते कापड पेटलं की आतल्या माणसाला झोपेतून उठून स्लीपिंग बॅगची चेन उघडायलाही वेळ मिळत नाही. नियंत्रण रेषेपासून काही किलोमीटरवरच्या तळावर पोरांच्या डोक्यावर काँक्रीटचा स्लॅब का नव्हता, एवढंच मला विचारायचं आहे. आणि हे आधी कळलं नव्हतं असंही नाही. ५ डिसेंबर २०१४ ला त्याच उरी तालुक्यात मोहरा इथल्या छावणीवर हल्ला झाला होता. लष्कराचे ८ आणि पोलिसांचे ३ जण तेव्हा गेले. २०१६ च्या जानेवारीत पठाणकोटचा हवाई तळ. तिथे तर इशारा आधी मिळाला होता. संसदेच्या समितीनेच लिहून ठेवलं की सावध केलेलं असूनही अतिरेकी आत शिरले. मग लेफ्टनंट जनरल फिलिप कॅम्पोज यांची समिती नेमली, तिने मे २०१६ मध्ये तळांच्या सुरक्षेवर अहवाल दिला. मे ते सप्टेंबर, चार महिने. मग उरी. नोव्हेंबरात जम्मूजवळचा नगरोट्याचा तळ, ७ जवान. फेब्रुवारी २०१८ मध्ये जम्मूचं सुंजवान, ६ जवान आणि एका जवानाचे वडील. सुंजवाननंतर बातमी वाचली की तळांच्या संरक्षणासाठी १४८७ कोटी दिले. १९, ७ आणि ६ मिळून ३२ होतात. पठाणकोटनंतर दोन वर्षं आणि ३२ जवान गेल्यावर हा पैसा सुटला. अहवाल कोणाच्या टेबलावर पडून होता, त्याचं नाव कळण्याचा हक्क त्या ३२ घरांना आहे की नाही?

आणि तळाभोवतीच्या शेतकऱ्याचं काय? हल्ला तळावर होतो, पण शोधमोहीम आधी त्यांच्या गावात लागते. मका काढायच्या दिवसांत आठ-आठ दिवस रानात पाऊल टाकता येत नाही. २०१६ च्या सप्टेंबरअखेरीस आपल्या सैन्याने पलीकडे जाऊन कारवाई केली, मला अभिमान वाटला, पेढे मीही वाटले. पण त्याच दिवशी पंजाबात सीमेपासून दहा किलोमीटरपर्यंतची गावं रिकामी करायला सांगितली. भात कापणीला आलेलं होतं. कापणीला आलेलं पीक सोडून ट्रॉलीत भांडीकुंडी भरून निघणं म्हणजे काय, हे आम्हा माणदेशी माणसांना कोणी समजावून सांगायला नको. चारा छावणीच्या दिवसांत आम्हीही असेच जनावरं घेऊन निघालोय.

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने सीमेवरच्या गावकऱ्यांना लपायला १४,४६० बंकर मंजूर केले, ४१५ कोटी ७३ लाखांचे. मी कागदावर भागाकार केला, एका बंकरला पावणेतीन लाखांहून थोडं जास्त पडतं. पण ती यादी जम्मूकडच्या पाच जिल्ह्यांची होती : जम्मू, कठुआ, सांबा, राजौरी, पूंछ. बारामुल्ला जिल्हा, म्हणजे उरी, तीत नव्हताच. २०२५ च्या मे महिन्यात उरीवर गोळे पडायला लागले तेव्हा लोक अंगावरच्या कपड्यांनिशी बारामुल्ल्याच्या रस्त्याला लागले आणि एक बाई गाडीतून पळून जाताना वाटेतच गोळा लागून गेली. पावणेतीन लाख! एका मेळाव्याच्या मंडपाचं भाडं त्याहून जास्त असतं.

आता माझंही सांगतो, कारण गप्प बसून काही मिळालं नाही.

माझी अपंगत्वाची पेन्शन फेब्रुवारीपासून बंद आहे. कारण काय, तर हयातीचा दाखला पोर्टलवर दिसत नाही. अंगठा लावायला तीनदा गेलो. कांदा काढून काढून बोटांच्या रेषा गेल्यात, मशीन अंगठा घेत नाही. खिडकीतला पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही हयात असल्याचं सिस्टीमला पटत नाहीये." मी त्याच्यासमोर उभा होतो. पँट वर करून त्याला नकली पाय दाखवला. त्याने मान खाली घातली, त्याचा तरी काय दोष. दहिवडीहून सातारा, साताऱ्याहून पुणे, एसटीच्या पायऱ्या चढताना सॉकेट मांडीला घासतं आणि घरी येईपर्यंत मोजा रक्ताने ओला होतो. बायको गरम पाण्याने तो सोडवते. सात महिने झाले. सात महिन्यांत मी मेलो असतो तर ते मात्र सिस्टीमला लगेच पटलं असतं.

उरीनंतर आमच्या भागातल्या एका गावात शहीद स्मारक आणि पोरांसाठी अभ्यासिका बांधायचं जाहीर झालं. मोठी गाडी आली, नारळ फुटला, कोनशिला बसली. मी तिथून येता-जाता बघतो. कोनशिलेवरचा सोनेरी रंग उडालाय, नावातली दोन अक्षरं पडलीत आणि तिला कोणीतरी शेळी बांधतं. बांधकाम म्हणून तिथे काही झालं असेल तर तेवढं शेळीची दोरी ओवायला दगडात पाडलेलं भोक.

निवडणूक आली की प्रत्येक फ्लेक्सवर जवान असतो. बंदूक धरलेला, बर्फात उभा असलेला. तो तंबूत झोपतो, त्याच्या शेजारच्या शेतकऱ्याला लपायला जागा नाही, हे कुठल्याच फ्लेक्सवर नसतं. सगळेच पक्ष आले यात, एकाचं नाव घेत नाही. आणि २०२२ पासून तर भरतीच चार वर्षांची झाली. माझा पुतण्या अग्निवीर आहे. चारातला एक ठेवणार आणि तिघांना घरी पाठवणार. पहाटे चारला आमच्या रस्त्यावर पोरं धावतात, त्यांच्या पायांचा आवाज ऐकतो आणि मनात येतं, यातल्या कोणाचा पाय गेला तर त्याला कोणत्या खिडकीवर उभं करणार तुम्ही? आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेली ४६ माणसं परत आली नाहीत. तेव्हा सरकार इंग्रजांचं होतं, त्यांच्याकडून अपेक्षा कसली करायची. आता तर तुम्ही आमचे आहात ना?

सुरुवातीला मी आपण म्हणत होतो, आता तुम्ही म्हणतोय. राग आलाय, आणि तो लपवायचा नाही.

मागणं फार नाही. सीमेजवळच्या तळांवर पलटण बदलताना एकाही जवानाला इंधनाशेजारी तंबूत झोपवणार नाही, असा लेखी आदेश काढा आणि तळांच्या कुंपणाचं किती काम झालं ते संसदेत सांगा. उरीच्या गावांना, विशेषतः तारेपलीकडच्या गावांना, घरटी बंकर द्या. आणि ज्यांचे अंगठे झिजलेत त्यांची हयात डोळ्यांनी बघून दाखला घेणारा एखादा माणूस तालुक्याला बसवा.

चाचांच्या मुलाला मी सांगितलंय की मंत्र्यांना पत्र लिहितोय. त्याने एकच विचारलं, "बर्फ पडायच्या आत होईल का?" डिसेंबरात तिकडे बर्फ पडतं, नंतर सिमेंट वर चढत नाही. त्याला काय सांगू ते कळवावं.

आपला,
एक निवृत्त हवालदार
ता. माण, जि. सातारा