परदेशी निघालेल्या मित्रास

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तू निघालायस तिथल्या गोळीबाराची बातमी पाहिल्यापासून काकूंचा डोळ्याला डोळा लागत नाही आणि आता तुझंही मन डळमळतंय, हे वाचून लगेच लिहायला बसलो.

बातमी खोटी नसते रे. पण क्वचित घडतं त्याचीच बातमी होते. जे चटकन आठवतं ते सारखं घडतंय असं माणसाला वाटतं, हे ट्वेर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच दाखवून दिलंय. २०२१ साली जगभरात सुमारे ४ लाख ५८ हजार खून झाले आणि रस्ते अपघातांत जवळपास ११ लाख ९० हजार माणसं गेली. तरी रस्ता ओलांडताना कुणाच्या छातीत धडधडत नाही! तिथे वाहनं उलट्या बाजूने येत असतील, तर पहिले काही दिवस त्याचंच भान जास्त ठेव.

देशाच्या नावाने घाबरू नकोस. गुन्ह्यांचे आकडे पाहतानाही जपून. जिथे लोकांचा पोलिसांवर विश्वास असतो, तिथे तक्रारी जास्त नोंदल्या जातात आणि आकडा मोठा दिसतो. त्यापेक्षा घर ठरवण्याआधी रात्री उशिरा बस थांब्यापासून दारापर्यंत कुणाला तरी सोबत घेऊन चालून बघ. दिवे आहेत का, दुकानं किती वाजता बंद होतात, त्यानंतर रस्त्यावर कोण असतं, एवढं पाहिलंस की पुष्कळ कळेल.

मला खरी धास्ती फोनची वाटते. समोरचा सरकारी अधिकारी असल्याचं भासवतो, अस्खलित बोलतो, तुझं पूर्ण नाव सांगतो. ‘व्हिसात गडबड आहे, फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका, आत्ताच दंड भरा, नाहीतर अटक होईल.’ एकटा माणूस गांगरतो आणि साठवलेलं सगळं देऊन बसतो. तू सरळ फोन ठेव आणि खात्याचा अधिकृत नंबर शोधून स्वतः विचार. पासपोर्टही कुणा मालकाच्या ताब्यात ठेवायला देऊ नकोस.

सगळ्यात चीड येते ती याची, की लुबाडले गेलेले नवखे लोक व्हिसाच्या भीतीने गप्प बसतात आणि भामट्यांना नेमकं तेच हवं असतं. तुझ्यावर वेळ आलीच, तर आधी मला फोन कर. रात्रीचे किती वाजलेत ते बघत बसू नकोस. तक्रार कशी करायची ते दोघं मिळून बघू.

काकूंशी मी रविवारी बोलतो. घराचा पत्ता ठरला की कळव.

तुझाच,
जिवलग मित्र